चंद्रोदयाची अट

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये नोव्हेंबरात ढग येतात आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकतात. चंद्र उगवला की नाही हे त्या दिवसांत बघून कळत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. मी मूळचा नागपूरचा, तिथल्या एका विमा कंपनीत प्रोग्रामर होतो. आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत संकष्टी असायची आणि उपास सोडायचा तो चंद्रोदयाला. चंद्रोदयाची वेळ पुण्याहून आलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असे, पण ती मुंबईची.

यातून दोन पंथ निघाले होते. पहिला पंथ म्हणे, छापलेले साडेनऊ म्हणजे साडेनऊ, चंद्र काय दोन आहेत का? दुसरा पंथ इंजिनियरांचा. ते साडेनवातून भारत आणि ओहायोमधला साडेदहा तासांचा फरक वजा करत आणि सकाळचे अकरा हे उत्तर काढत. या पंथाचे लोक ऑफिसातल्या लंच ब्रेकपर्यंत कडक उपास करायचे. हा पंथ झपाट्याने वाढत होता.

तिसरा पंथ एकट्या माणसाचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला मुलीकडे राहणारे एक काका. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, मूळचे सांगलीकडचे. देव, ग्रह, भुतं आणि तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष यांपैकी कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. काकू मात्र संकष्टी करायच्या. वेळ विचारायला त्या तीन घरी फोन करत आणि तीन उत्तरं घेऊन येत. काकांना उपासाचं काही नव्हतं, पण घरात चुकीचा आकडा त्यांना सहन होत नसे. मुलगी-जावई ऑफिसला गेले की ते बेसमेंटमध्ये जावयाच्या निवृत्त कॉम्प्युटरसमोर बसत. साठी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. गाव आणि तारीख द्यायची, तो तिथी आणि चंद्रोदय सांगायचा. दर महिन्याला मंडळाच्या ईमेल ग्रुपवर काकांची एक ओळ यायची, डब्लिन इतके वाजून इतकी मिनिटं, क्लीव्हलँड इतके, सिनसिनाटी इतके. खाली सही नाही, शुभेच्छा नाहीत. लंच ब्रेकवाल्यांना ही ओळ फार खुपायची.

मंडळाच्या अध्यक्षांना या प्रोग्रामचं 'लोकार्पण' करायचं होतं. स्टेजवर लॅपटॉप ठेवून त्यासमोर नारळ फोडायचा, असा प्रस्ताव कमिटीत आला होता. कीबोर्डवर पाणी सांडेल, या तांत्रिक कारणावरून तो मागे पडला. काका म्हणाले, "बरं झालं. नाहीतर मीच सांडणार होतो."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करायचा दिवस एप्रिलातून मार्चात आणला. एवढ्याशा बदलापायी अमेरिकेतले सगळे प्रोग्रामर हिवाळाभर जुन्या प्रोग्रामांतला एक तास शोधत फिरत होते. काकांच्या प्रोग्राममध्येही जुनाच नियम होता. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डाव्या हाताच्या एका बोटाने ते टाइप करत होते, आणि त्या बोटालाही फारसा उत्साह नव्हता.

"हे आता कोणाच्या तरी गळ्यात घालायला पाहिजे," ते म्हणाले. "जावयाला इंटरेस्ट नाही. नातवाला विचारलं, चंद्र कधी उगवतो, तर म्हणतो, हू केअर्स, आजोबा?"

मी फावल्या वेळात एका ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावी आणि सुधारावी अशा लायब्ररीचं काम करायचो. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. इतरांनी उचलून आपापल्या प्रोग्राममध्ये बसवावेत असे तयार भाग एकत्र ठेवलेले असतात, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. आमची लायब्ररी कॅलेंडरांची होती. तीत ज्यू कॅलेंडर होतं, हिजरी होतं, चिनी होतं, तेरा महिन्यांचं इथिओपियन होतं. आपल्या तिथी नव्हत्या. ती सांभाळणारा माणूस देशाच्या पश्चिम टोकाला, ऑरेगॉनमध्ये राहायचा आणि पोटासाठी दंतवैद्यांच्या अपॉइंटमेंटांचं सॉफ्टवेअर लिहायचा. आम्ही कधी भेटलो नाही. घरी मी त्याला ऑरेगॉनकर म्हणत असे. जगभरातले लोक आमच्या मेलिंग लिस्टवर सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य या विषयावर पानंच्या पानं लिहीत. ऑरेगॉनकर तीन ओळी लिहायचा, त्यातली एक बहुतेक वेळा 'नाही' असायची.

मी काकांना म्हटलं, "तुमचा चंद्र तिकडे देऊ या. पुढची दुरुस्ती करायला तिथे पुष्कळ हात आहेत."

"म्हणजे मी गेल्यावरही चालेल?"

"चालेल."

"आणि तू गेल्यावर?"

"तरीही."

"मग हरकत नाही," काका म्हणाले. "तुझ्यावर अवलंबून असतं तर विचार करावा लागला असता. नागपूरचे लोक दुपारी झोपतात."

मी प्रोग्राम ऑरेगॉनकराला पाठवला. उलट टपाली तीन प्रश्न आले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहिलंय का? नसेल तर उरलेलं कुणाचं? आणि ते कोणत्या अटींवर देतायत?

बाहेरच्या माणसाला हे खुसपट वाटेल. काकांनाही वाटलं. "दिलं म्हणतोय ना मी? आपल्यात कागद कशाला?" त्यांना समजावताना मला आमच्याच गल्लीतला सोफा उपयोगी पडला. अमेरिकेत जुना सोफा रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि त्यावर 'फ्री' अशी चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठी असेल तर कोणीही न्यावा. चिठ्ठी नसेल तर तो सोफा टाकलेला आहे, की घर बदलताना ट्रकची वाट बघतोय, हे कळायला मार्ग नाही. इंटरनेटवर पडलेला कोड, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर, तोही तसाच. समोर दिसतो म्हणून तो आपला होत नाही. लिहिणाऱ्याने लेखी सोडला नाही तर तो त्याचाच असतो. दुसऱ्याने तो वापरणं, त्यात बदल करणं, तिसऱ्याला देणं, यातलं काहीच नियमात बसत नाही. म्हणजे काका असेपर्यंत घड्याळाचा तास काकांनीच बदलायचा, आणि काका नसतील तेव्हा कोणीही नाही.

"बरं," काका म्हणाले. "चिठ्ठी लावू."

आधी मात्र दुसरा प्रश्न निघाला. चंद्राची जागा काढणारा एक तुकडा काकांनी एका पुस्तकातून जसाच्या तसा टाइप केला होता. पुस्तक डब्लिनच्या सार्वजनिक वाचनालयातलं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, यातले प्रोग्राम वाचकाने स्वतःपुरते वापरावेत, वाटू नयेत.

"मग मी काय चोर?" काका उखडले. "पुस्तक मुदतीत परत केलंय मी!"

"चोर नाही काका. पण दुसऱ्याचा सोफा तुम्हाला देता येत नाही."

"आणि आकडे? चंद्राच्या गतीचे आकडे त्या प्रकाशकाच्या बापाचे आहेत का?"

आकडे कोणाच्याच बापाचे नव्हते, आणि तसं ऑरेगॉनकरानेही कळवलं. चंद्र कसा फिरतो ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. पण त्या लेखकाने ते गणित ज्या शब्दांत मांडलं, ती मांडणी त्याची. काकांनी पुस्तक मिटलं, मूळ सूत्रं घेतली आणि तो तुकडा डाव्या बोटाने नव्याने लिहून काढला. त्यांचा तुकडा पुस्तकापेक्षा लांब झाला. मात्र त्यात पुस्तकातली एक चूक नव्हती, हे त्यांनी मला निरनिराळ्या निमित्तांनी सांगितलं.

राहिला तिसरा प्रश्न. प्रोग्रामच्या डोक्यावर काकांनी रोमन लिपीत एक मराठी वाक्य घालून ठेवलं होतं. 'हा प्रोग्राम कोणीही फुकट वापरावा. मात्र पत्रिका जुळवणे, मुहूर्त काढणे व तत्सम अंधश्रद्धांसाठी वापरू नये.'

ऑरेगॉनमध्ये ते कोणाला कळलं नसतं. पण अट ही अट असते. मी भाषांतर करून पाठवलं. खरं सांगायचं तर पाठवताना मला काकांचा अभिमानच वाटत होता. मेलिंग लिस्टवरच्या त्या सगळ्या जाहीरनाम्यांत इतकं स्पष्ट वाक्य मी वाचलं नव्हतं.

ऑरेगॉनकराचं उत्तर नेहमीच्या मापाचं होतं. "अट मला आवडली. घेता येणार नाही. कोणी कशासाठी वापरायचं हे आपण ठरवलं, की लायब्ररी खुली राहत नाही." आणि खाली, अपवाद म्हणून, चौथी ओळ होती. "शिवाय 'तत्सम' कोण ठरवणार? उपास त्यात येतो का?"

लायब्ररीची पुढची आवृत्ती घड्याळं बदलायच्या आत निघायची होती. मी रविवारी दुपारी काकांकडे गेलो. काकू स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होत्या. काका डायनिंग टेबलाशी, हात मांडीखाली दाबून. थरथर दिसू नये म्हणून ते तसे बसत. मी निरोप सांगितला.

"म्हणजे ज्योतिषांनाही द्यायचं?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांना द्यायचं. त्यात तेही आले."

"उद्या चोर येऊन सुरी मागेल. द्यायची?"

"काका, ज्याला लबाडी करायची आहे तो तुमची अट वाचतच नाही. जो वाचतो तो सरळ माणूस असतो. अडचण त्याचीच होते."

"हे तुझं की त्या ऑरेगॉनवाल्याचं?"

"त्याचं."

"वाटलंच. नागपूरवाला एवढं थोडक्यात बोलत नाही."

मग खिडकीबाहेर बघत ते एकदम म्हणाले, "माझ्या बहिणीला मंगळ होता. म्हणजे तिला नव्हता, पत्रिकेत होता. तीन ठिकाणी जमलेलं मोडलं. मुलगी पसंत, घर पसंत, मंगळ नापसंत. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. तिचा संसार झाला नाही म्हणून मी रडत नाहीये, ती मजेत आहे, माझ्यापेक्षा जास्त हिंडते. पण तो निर्णय तिला घेऊ दिला नाही ना. एका तक्त्याने घेतला. आणि आता त्या तक्त्याला मी मिनिटासकट चंद्र पुरवायचा? माझ्या हाताने?"

हा नुसता वाद असता तर जिंकता आला असता. मी म्हटलं, "नको द्यायला, काका. राहू दे. घड्याळाचा तास मी तुमच्या कॉम्प्युटरवर बदलून देतो."

"आणि पुढच्या वेळी?"

तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या.

"अरे, ते तत्सम म्हणजे काय लिहिलंय यांनी?"

मी पूर्ण वाक्य सांगितलं. काकूंनी ते उभ्या उभ्या ऐकलं.

"मग मी काय करते दर महिन्याला?" त्या म्हणाल्या. "मी तत्सम का?"

काका म्हणाले, "तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? रोज जेवताना ऐकवता की उपास ही अंधश्रद्धा म्हणून. आणि हा चंद्र मी उपासालाच वापरते. म्हणजे या घरातली पहिली गुन्हेगार मीच झाले की."

"अगं, तुझ्यासाठीच तर लिहिला तो."

"हो ना? तुमचा काडीचा विश्वास नव्हता. तरी मी उपाशी बसू नये म्हणून दिवसेंदिवस तिथे खाली थंडीत बसून शोधून दिलात." काकू खुर्ची ओढून बसल्या. "तेव्हा अट घातली होती का मला? की आधी उपास सोड, मग वेळ सांगतो म्हणून?"

काका पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

"घातली असती तर मी सोडला नसता," काकू म्हणाल्या. "वर तुमचा चंद्रही घेतला नसता. फोनच करत बसले असते. आणि वन्संचं म्हणाल, तर त्यांनी कधी मुलांना शिकवायच्या आधी विचारलं का, की मोठा होऊन पत्रिका बघणार आहेस का? त्यांच्या वर्गातला एखादा झालाच असेल ज्योतिषी. त्याचा गुणाकार काय चुकवायचा होता?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चहा घेतोस ना रे?" जणू आतापर्यंत चहाबद्दलच बोलणं चाललं होतं.

काकांनी त्या दिवशी होकार दिला नाही. चहा प्यायले, साखर कमी आहे म्हणाले आणि बेसमेंटमध्ये निघून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. "येताना ये." गेलो. प्रोग्रामच्या डोक्यावरचं वाक्य काढलेलं होतं. त्याऐवजी सोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये, जिथे प्रोग्राम कसा वापरायचा ते लिहितात, तिथे इंग्रजीत पानभर मजकूर होता. चंद्र केव्हा उगवतो हे यातून कळेल, कोणी कोणाशी लग्न करावं हे कळणार नाही, आणि का कळणार नाही, याचं मुद्देसूद विवेचन. वर शीर्षक, 'विनंती'.

"अट नाही घातली," काका म्हणाले. "विनंती करायला तर बंदी नाही ना? विचार त्याला."

ऑरेगॉनकराने कळवलं, "विनंती चालते. लांब विनंतीही चालते."

मग लायब्ररीचं लायसन्स, म्हणजे तिच्यावरची चिठ्ठी, काकांनी ओळ न ओळ वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "ही बघ, अट! कोणी यात सुधारणा करून पुढे वाटली तर सुधारणाही सगळ्यांना द्यायची. मग माझ्याच अटीचं काय वाकडं होतं?"

"तुमची अट घेणाऱ्याला विचारत होती, तू कोण, याचं काय करणार. ही फक्त घेतलंस तर पुढे दे म्हणते."

काकांनी ते तोलून पाहिलं. "पाण्याची पाळी," ते म्हणाले. "कालव्यावर हेच असतं. तुझ्या शेतात ऊस आहे की ज्वारी, ते आम्ही विचारत नव्हतो. दार उघडलंस तर पुढच्याला पाणी जाऊ दे, एवढंच." मग त्यांनी भर घातली, "विचारायला पाहिजे होतं, खरं म्हणजे. सगळ्यांनी ऊसच लावला."

पण सही केली. थरथरत्या हाताने, म्हणून ती नेहमीपेक्षा मोठी झाली. घड्याळं पुढे गेली त्या आठवड्यात आमच्या लायब्ररीत तिथी आल्या, इथिओपियन महिन्यांच्या खाली.

पुढचे दोन महिने काहीच झालं नाही. ओपन सोर्समध्ये बहुतेक वेळा हेच होतं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या एका गृहस्थांची ईमेल आली. ऑरेगॉनच्याही वर असलेल्या बेलव्ह्यूच्या एका बाईंना संकष्टीला आदल्या दिवशीचा चंद्रोदय दाखवला गेला होता. तिकडे उत्तरेला मे महिन्यात कधी कधी चतुर्थीचा चंद्र मध्यरात्र उलटून उगवतो आणि तारीख बदलते, हे काकांच्या प्रोग्रामने धरलं नव्हतं. गृहस्थांनी चूक नुसती दाखवली नव्हती, दुरुस्त करून पाठवली होती. नीटनेटकं काम होतं. त्या बाई कोण, तर त्यांच्या गिऱ्हाईक. आणि गृहस्थांचा व्यवसाय, त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिला होता, पत्रिकेचं सॉफ्टवेअर बनवून विकणं. काकांची विनंती त्यांनी वाचली होती. 'व्यवसायामुळे पाळता येत नाही, क्षमस्व,' असंही होतं.

मी ती ईमेल छापून काकांकडे नेली आणि समोर ठेवली. ज्याची भीती होती तेच झालं होतं.

काकांनी पत्र बाजूला सारून आधी दुरुस्ती वाचली. मग पुन्हा वाचली. कागदावर बेलव्ह्यूचे अक्षांश मांडून गणित केलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मी बावळट. डब्लिनच्या वर जगच नाही असं धरून चाललो होतो." आणि काकूंना हाक मारली, "अगं, ऐकलंस का? नाशिकच्या ज्योतिषाने माझी चूक काढली!" आवाजात जे होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. बऱ्याच वर्षांत कोणी त्यांचं काम इतक्या बारकाईने वाचलं नव्हतं.

"लिही," ते मला म्हणाले, कारण टाइप आता मीच करत होतो. "आधी आभार. दुरुस्ती तपासली, अचूक आहे. मग लिही, इतका अचूक माणूस मंगळाच्या बाबतीत..."

"काका, पहिल्याच पत्रात?"

"नको म्हणतोस?" त्यांनी विचार केला. "बरं. पहिल्यात नुसते आभार. दुसऱ्यात बघू."

दुसऱ्यात बघितलं. तिसऱ्यातही. नाशिककर चिवट निघाले. ते दर वेळी एखादा ग्रंथाधार पाठवत आणि सोबत एखादी खरी चूक काढून देत. काका ग्रंथाधार खोडून काढत आणि चूक मान्य करत. दर रविवारी दुपारी मी जायचो. काका खुर्चीवर हात दाबून सांगत आणि मी लिहीत असे. मधूनच काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "त्यांना विचारा तरी, घरी कोण कोण असतं." तेही विचारलं. प्रोग्राम आता तिघा-चौघांच्या हातून सुधारला होता. त्यातल्या एकाला तिथी म्हणजे काय हे माहीतही नव्हतं. घड्याळाच्या तासाची काळजी करायला काकांची गरज उरली नव्हती, आणि हे त्यांना चांगलंच मानवलेलं दिसत होतं.

मी डब्लिन सोडायच्या जरासं आधी नाशिककरांनी कळवलं, की त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत मंगळदोष न दाखवण्याची सोय केली आहे. ज्याला नको असेल त्याने एक खूण काढून टाकायची, की पत्रिकेत मंगळाचा उल्लेखच छापला जात नाही. 'आपल्या पत्रव्यवहारामुळे,' असं खाली लिहिलं होतं.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांचा हात मांडीवर उघडाच होता, थरथरत.

"म्हणजे ती खूण काढली तरच जातो मंगळ?" त्यांनी विचारलं. "मुळात चालूच असतो?"

"हो. चालूच."

"हं," काका खुर्चीत सावरून बसले. "मग घे लिहायला."